आबा हॉटेलात कधी राहिले नाहीत

आमच्या घरी आजीला बाई म्हणायचे. बाईला एका गोष्टीचा फार अभिमान होता. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, उभ्या जन्मात हॉटेलाची पायरी चढली नाही. पाहुण्यारावळ्यांत विषय कुठलाही असो, ती तो वळवून तिथं आणायचीच. "कोर्टाच्या पायी मुंबईच्या इतक्या वाऱ्या केल्या यांनी, पण हॉटेलात गेले नाहीत. घरून दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची मी. चार दिवस पुरायचं."

आता आमच्याकडं हॉटेल म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पैठणच्या स्टँडसमोर कढईतून भजी निघतात, वर तळलेली मिरची मिळते आणि बाकड्यावर बसून चहा बशीत ओतता येतो, ते हॉटेल. राहायच्या जागेला लॉज म्हणतात. लॉज हा शब्द बाईसमोर काढायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा आबा दोन्ही अर्थांनी हॉटेलापासून लांब राहिले, असं घरात पक्कं ठरलेलं होतं.

बाई गेल्यावर काही वर्षांनी मला कळलं की ते तसं नव्हतं. आबा मुंबईत ज्या छपराखाली झोपायचे ते हॉटेल होतं, आणि ज्या जिन्यानं वकिलाकडं चढायचे तेही हॉटेलच होतं. दोन्ही साहेबी थाटाची आणि एके काळी मुंबईत नाव असलेली. आबांना तसं कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

आमचं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठी होतं. होतं असंच म्हणायचं, कारण आता तिथं नाथसागर आहे. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी धरणाची पायाभरणी केली. धरण पैठणला आणि नाव जायकवाडी, याचं पुष्कळांना कोडं पडतं. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातलं गाव. आधी धरण तिथं व्हायचं होतं. जागा बदलली, पण नाव कागदावरून हललं नाही. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मधल्या दहा वर्षांत आमच्यासारखी गावंच्या गावं दारं, चौकटी, आढी, जाती आणि उखळं बैलगाड्यांत घालून वर सरकली. खाली साडेतीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास पाणी पसरलं. संत एकनाथांच्या नावावरून त्याला नाथसागर म्हणतात. आपल्या मराठवाड्यात दर दोन मैलांवर सागर नावाचं एखादं रेस्टॉरंट असतंच. खऱ्या पाण्याला सागर म्हणायची संधी आम्हाला एवढी एकदाच मिळाली.

आबांची तक्रार धरणाबद्दल नव्हती. पाणी खाली जाईल, परभणीपर्यंत रानं भिजतील, हे त्यांना पटलेलं होतं. त्यांचं भांडण एका शब्दाशी होतं. तो शब्द जिरायत, म्हणजे नुसत्या पावसावरची जमीन. विहिरीवरची सात एकर जमीन, त्यात ऊस आणि हळद घेतलेली, निवाड्यात जिरायत म्हणून लागली आणि मोबदला त्याच हिशेबानं निघाला. बांधावरचे आंबे तर मोजलेच नव्हते. आबांनी मोबदला वाढवून मागायला भूसंपादन कायद्याच्या कलम अठराचा अर्ज केला. खालच्या कोर्टात थोडं वाढलं. वाढलेलं जास्त झालं म्हणून सरकार अपिलात गेलं, कमी पडलं म्हणून आबा गेले. अपील म्हणजे हायकोर्ट आणि हायकोर्ट म्हणजे मुंबई.

त्यांच्या वडिलांच्या वेळी हायकोर्ट हैदराबादेत होतं आणि कागद उर्दूत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कोर्टाची दिशा पूर्वेची पश्चिमेला झाली. वाट मात्र तशीच लांब. पैठणहून एसटीनं औरंगाबाद. तिथून मीटरगेजची गाडी मनमाडपर्यंत. मनमाडला उतरायचं, गाठोडी उचलून मोठ्या गाडीच्या फलाटावर जायचं, आणि जागा मिळाली तर ठीक, नाही तर व्हीटीपर्यंत उभ्यानं. एका तारखेसाठी चार दिवस मोडायचे. कधी पुकारा होऊन पुढची तारीख मिळायची, कधी पुकाराही व्हायचा नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दोनदा आबांबरोबर गेले होते. पहिल्यांदा गेले तेव्हा बारा वर्षांचे होते. मी हे सगळं त्यांच्याकडून ऐकलंय.

२०१८ च्या डिसेंबरात बँकेच्या ट्रेनिंगसाठी मला मुंबईला जायचं होतं. अण्णा म्हणाले, "मी पण येतो. आबा जायचे त्या वाटेनं एकदा चालून बघू." आता गाडी बदलावी लागत नाही. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्री झोपायचं आणि सकाळी मुंबई. मनमाडला अण्णा उठून बसले. चहा घेतला नाही, नुसते खिडकीतून फलाट बघत राहिले. गाडी सुटली तसे परत आडवे झाले.

शनिवारी ट्रेनिंगला सुट्टी होती. सकाळी आम्ही स्टेशनाबाहेर पडलो आणि अण्णा पुढं, मी मागं. माणूस साठीच्या उंबऱ्यावर असतानाही लहानपणच्या रस्त्यावर पाय कसे आपोआप वळतात, ते तेव्हा बघितलं. हुतात्मा चौक, मग सरळ. काळा घोड्याजवळ ते थबकले. "अगं, घोडा आला की!" त्यांनी पाहिलं तेव्हा काळा घोडा हे नुसतं नाव होतं. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ लाच हलवून राणीच्या बागेत नेला होता, आणि चौकाचं नाव घोड्याशिवाय चालू होतं. आता २०१७ ला नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. अण्णांना ते पटलं. म्हणाले, "बरं केलं. राजा कशाला पाहिजे?"

आबांच्या वकिलाची ती इमारत तिथून हाकेच्या अंतरावर. एस्प्लनेड मॅन्शन. पाच मजली, लोखंडी खांबांची आणि काळवंडलेली. खिडक्यांत पत्रे, मधूनच एसीची खोकी, आणि भिंतींवरून वायरींचे झुपके असे लोंबत होते की वडाच्या पारंब्या बऱ्या. खाली झेरॉक्स, टायपिंग, स्टॅम्प पेपर आणि नोटरीची दुकानं. एका बाजूला चहा-नाश्त्याचं हॉटेल, आमच्या अर्थानं हॉटेल. दाराशी वकिलांच्या नावाच्या पाट्या एकीवर एक.

"इथंच," अण्णा म्हणाले. "लाकडी जिना आहे बघ आत."

जिना होता. पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्या होत्या. कठड्यावर हात ठेवून अण्णा दोन मजले न थांबता चढले. वर गेल्यावर बोळ, बोळात दारं, दारांत दारं. मूळच्या एका मोठ्या खोलीच्या तीन-चार खोल्या पाडलेल्या, लाकडी फळ्यांनी आणि काचांनी. मधल्या चौकात डोकावलं तर वर छप्पर आणि खाली मोडक्या कपाटांचा ढीग. एक कारकून फायलींची चळत छातीशी धरून आला. "कुणाकडं?" अण्णांनी वकिलाचं नाव सांगितलं. तो हसला. "काका, ते जाऊन पंचवीस वर्षं झाली. माझ्या आधीच्या साहेबांच्याही आधीचे." मग आपणहून म्हणाला, "खोली बघायचीय? ही बघा." आता तिथं दुसरे वकील होते, त्या दिवशी आलेले नव्हते. आठ बाय दहाचा गाळा. एक टेबल आणि भिंतभर फायली. भिंतीतला खांब मात्र जाडजूड, वरच्या टोकाला नक्षी केलेला आणि दहा वेळा रंग फासलेला. खोलीच्या मानानं खांब फारच श्रीमंत होता.

अण्णांनी त्या खांबाला हात लावला. "मी ह्याला टेकून बसायचो. आबा स्टुलावर. वकीलसाहेब इंग्रजीत वाचायचे अन् मराठीत सांगायचे, पाटील, काळजी करू नका."

खाली उतरलो तर फुटपाथवर वीसेक जणांचा घोळका. हेरिटेज वॉक. गळ्यात कॅमेरे, हातात पाण्याच्या बाटल्या. सांगणारा तरुण चुणचुणीत होता, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलत होता आणि माहिती चोख होती. अण्णा मागं जाऊन उभे राहिले, मीही.

त्या मुलानं सांगितलं की हे वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं. मूळ बेत कापडाच्या पेढीचा होता, पुढं हॉटेल झालं. (म्हणजे दुकानं इथं उपरी नाहीत, मूळचीच आहेत, असं माझ्या मनात आलं.) आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. अख्खा सांगाडा ओतीव लोखंडाचा. तो इंग्लंडात पाडला, बोटीनं आणला आणि इथं जोडला. १८७१ ला हॉटेल उघडलं. सव्वाशेवर खोल्या, मधल्या चौकावर काचेचं छत, खाली नाचघर. वाढायला इंग्लंडहून आणलेल्या बायका. तेव्हा लोक थट्टेनं म्हणायचे की वॉटसननं तिथली हवाही आणली असती तर बरं झालं असतं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचा सिनेमॅटोग्राफ, म्हणजे पडद्यावरची हलती चित्रं, भारतात पहिल्यांदा दाखवला तो इथं, तिकीट एक रुपया. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथं उतरला होता आणि गॅलरीतून त्यानं मुंबईचे कावळे न्याहाळले.

अण्णा माझ्याकडं वळले. "हॉटेल? म्हणजे राहायचं?"

"हो."

"हे?" त्यांनी वर बघितलं. मग दात दिसतील इतकं हसले. "बाई असती तर."

मुलगा पुढं सांगत होता. १९०३ ला ताज उघडलं आणि वॉटसन्सची रया गेली. पुढं हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे गाळे करून भाड्यानं दिले. २००५ च्या पावसाळ्यात गॅलऱ्या कोसळल्या, एक माणूस दगावला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत ती घातली. "अँड दॅट इज द ट्रॅजेडी," असं म्हणून त्यानं हात खाली सोडला आणि घोळका फोटो काढायला लागला.

अण्णांनी त्याला गाठलं. मला वाटलं आता आबांची सगळी कहाणी सांगतात. पण ते एवढंच म्हणाले, "बाळा, हॉटेल बंद झाल्यावर इथं कोण यायचं, ते पण सांगत जा की."

"कोण यायचं काका?"

"आम्ही."

मुलाला काय कळलं कुणास ठाऊक. मान हलवून तो गेला. मला मात्र ते शब्द चिकटले. मार्क ट्वेन इथं थोडे दिवस होता. ल्युमिएंचे खेळही पुढं दुसऱ्या थिएटरात गेले. त्यांची नावं या भिंतींना कायमची लागली. आणि नंतरची चाळीस-पन्नास वर्षं कापडी पिशवीत सातबारा आणि निवाड्याची नक्कल घेऊन जे लोक हा जिना चढले, ते सगळे 'दुर्दशा' या एका शब्दात बसवून टाकले. पायऱ्या झिजल्या त्या साहेबांच्या बुटांनी किती आणि आबांच्या वहाणांनी किती, हे कुणी मोजलंय? इमारतीचे हाल झाले हे खरंच, मी डोळ्यांनी बघितले. फळ्या ठोकून लोखंडी सांगाड्याचा कोंडवाडा करणाऱ्यांची बाजू मला घ्यायची नाही. पण जुनी वास्तू म्हटलं की तिचं आयुष्य शेवटच्या साहेबाबरोबर संपतं, ही समजूत मला खटकते. आबांच्या लेखी ही वास्तू सुरूच मुळी वकिलाच्या पाटीपासून होत होती.

आम्ही खालच्या हॉटेलात चहा घेतला. अण्णांनी बशी मागितली. पोऱ्यानं आधी बघितलं, मग आणून दिली.

चहा पिताना मी फोनवर जुने नकाशे काढून बघत बसले. आज वॉटसन्सपासून समुद्र तसा लांब. मध्ये कोर्ट, विद्यापीठ, ओव्हल, त्यापलीकडं चर्चगेटच्या इमारती, मग मरीन ड्राइव्ह. पण हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर १८७८ चे, जुनं सचिवालय १८७४ चं. हॉटेल त्यांच्या आधीचं. म्हणजे सुरुवातीची दोन-तीन वर्षं पश्चिमेच्या गॅलरीत उभं राहिलं की खाली मैदान, मैदानापलीकडं रेल्वेचे रूळ आणि रुळांना लागून समुद्र. मग सरकारी इमारती आडव्या आल्या. पुढं विसाव्या शतकात भराव घालून समुद्रच मागं ढकलला. मरीन ड्राइव्ह त्या भरावावर उभा आहे. हॉटेल जागेवरच राहिलं, काठ निघून गेला.

मी हे अण्णांना सांगितलं. ते बशी फुंकत म्हणाले, "आपल्याकडं उलटं झालं. आपण काठावर होतो, काठच आपल्या अंगावर आला." मग थोडं थांबून, "दोन्ही ठिकाणी काम सरकारीच."

दुपारी जेवायला कुठं जायचं हे त्यांनी गाडीतच ठरवलं होतं. मॅजेस्टिक.

मराठवाड्यातल्या आमच्या आधीच्या पिढीला मॅजेस्टिकबद्दल वेगळं सांगायला नको. मंत्रालयात काम, टाटा हॉस्पिटलात पेशंट, हायकोर्टात तारीख, काहीही असो, मुंबईत टेकायची जागा एकच. आपल्या आमदाराची आमदार निवासातली खोली. गावातून चिठ्ठी न्यायची, खोलीवरच्या माणसाला दाखवायची आणि सतरंजीवर जागा धरायची. मॅजेस्टिक हे त्यातलं कुलाब्याचं आमदार निवास, रीगल सिनेमासमोर, गेटवेपासून चालत काही मिनिटांवर.

अण्णा सांगतात, आमदारसाहेबांच्या त्या खोलीत रात्री पंधरा-सोळा माणसं असायची. पलंग एक, त्यावर दवाखान्यात आलेली म्हातारी माणसं. बाकी सगळे खाली, एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं. आमदारसाहेब उशिरा आले तर चपला हातात घेऊन अंधारात चाचपत जायचे, कुणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून. एकदा तेच बाहेरच्या व्हरांड्यात झोपले, कारण खोलीत जागा नव्हती. छत इतकं उंच की बारा वर्षांच्या अण्णांना वाटलं, वर आणखी एक मजला घालता येईल. मोरीत पांढरा, माणूस झोपेल एवढा मोठा हौद होता. त्यात सगळे मिळून पाणी भरून ठेवायचे आणि तांब्यानं घ्यायचे. अण्णांनी गावी येऊन सांगितलं की मुंबईत पांढऱ्या चिनीमातीचा हौद असतो. तो बाथटब होता, हे त्यांना कितीतरी वर्षांनी एका सिनेमात कळलं.

कारण मॅजेस्टिक हेही हॉटेलच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं, ताजच्या मागोमाग आलेलं मॅजेस्टिक हॉटेल. वर मिनारांसारखे बुरूज, कमानी, सज्जे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं घेतलं आणि आमदारांना दिलं. फुटपाथवर उभं राहून मी अण्णांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे राहायला एक हॉटेल अन् कामाला दुसरं. म्हातारा सगळी मुंबई हॉटेलातच राहिला म्हण की."

आम्ही गेलो तेव्हा वरचे मजले बंद होते. इमारत धोक्याची म्हणून आमदार केव्हाच हलले होते. खिडक्यांच्या झडपा अर्धवट लोंबत होत्या, एका सज्जातून पिंपळ बाहेर आला होता. खाली मात्र झगमगाट. सहकारी भांडार. डाळी, साबण, बिस्किटं, प्लॅस्टिकचे डबे, आणि बाजूला खाण्याचं कँटीन. कुलाब्यासारख्या ठिकाणी, जिथं पलीकडच्या फुटपाथवर कॉफीला शे-दोनशे मोजावे लागायचे, तिथं त्या मानानं अगदी माफक दरात पावभाजी आणि डोसा मिळत होता. आधी कूपन घ्यायचं, मग खिडकीशी उभं राहायचं. टेबलांवर कॉलेजची पोरं, ऑफिसातले लोक, एक म्हातारं पारशी जोडपं, आणि परदेशी दोघं मेनूचा बोर्ड वाचत उभे. मुंबईतल्या महागड्या भागात सगळ्यांना परवडेल असं जेवण आणि तेही एका पडक्या राजेशाही हॉटेलाच्या पोटात, हे मला तरी कुठल्याही नूतनीकरणापेक्षा चांगलं वाटलं. उद्या वरचे मजले दुरुस्त होतील, व्हायलाच हवेत. पण खालची ही कूपनची खिडकी राहू दे, असं मी मनातल्या मनात कुणाला तरी सांगून ठेवलं.

अण्णांनी पिशवीतून डबा काढला. आईनं दशम्या दिल्या होत्या. कँटीनात बाहेरचं खायला परवानगी नसावी, म्हणून मी गडबडले. त्यांनी एक दशमी माझ्या पावभाजीच्या ताटात ठेवली, एक स्वतःच्या. भाजी लावून खाल्ली. "चांगली लागते," म्हणाले. टेबल पुसायला आलेल्या माणसानं बघितलं आणि काही न बोलता पुढचं टेबल पुसायला गेला.

निघताना भांडारातून त्यांनी एक साबण घेतला. तसला साबण संभाजीनगरात कोपऱ्यावर मिळतो. मी काही बोलले नाही. आबा दर खेपेला मुंबईहून बाईसाठी साबणाची वडी आणायचे, हे मला माहीत होतं.

मग गेटवेला गेलो. ऊन कलतं होतं. पाण्यावर पांढरे कुरव पक्षी गिरक्या घेत होते, लोक त्यांना गाठी-शेव फेकत होते. असले पक्षी हिवाळ्यात नाथसागरावरही येतात, रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही येतात, त्यामुळं आम्हाला त्यांचं अप्रूप नव्हतं. आबांनी पहिल्यांदा समुद्र बघितला तो इथंच. अण्णांना ते आठवत होतं. आबांनी पायरी उतरून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. म्हणाले, "एवढं पाणी अन् कामाचं न्हाई. आपलं बरं. बुडवलं, पण गोड आहे."

त्यांच्या अपिलाचं पुढं काय झालं ते सांगते, नाही तर लोक विचारतात. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला हायकोर्टाचं काम सुरू झालं. त्यासाठी आमच्याकडं वर्षानुवर्षं मागणी होती. वकील, पुढारी, पेपरवाले सगळे लढले होते, त्या दिवशी गावोगाव आनंद झाला. आमची फाइलही मुंबईहून औरंगाबादला आली. एसटीनं दीड-दोन तासांत कोर्ट, संध्याकाळी घरी जेवायला. बाईनं देवापुढं साखर ठेवली. आबा मात्र दोन दिवस गप्प होते म्हणे. बाईला वाटलं, तब्येत बिघडली. शेवटी ते म्हणाले, "आता मुंबईला जायचं काही कारण राह्यलं नाही." ज्या वाऱ्यांना ते दहा वर्षं शिव्या देत होते, त्या बंद झाल्याचं त्यांना वाईट वाटत होतं. हे त्यांनी कोर्टात कबूल केलं नसतं, घरातही एकदाच केलं. अपिलात मोबदला थोडा वाढला. आंबे मोजले गेले. विहिरीवरची चार एकर बागायत धरली, तीन एकर जिरायतच राहिली. त्या पैशातून औरंगाबादच्या सिडकोत घर झालं, मी हे लिहितेय ते त्याच घरात.

आम्ही परत आलो आणि पाचेक महिन्यांनी, २०१९ च्या मे महिन्यात, बातमी वाचली. हायकोर्टाच्या आदेशानंतर एस्प्लनेड मॅन्शन रिकामी करून घेत होते. भाडेकरू, वकील, झेरॉक्सवाले, चहावाले, सगळे बाहेर. फोटोत जिन्यावरून फायलींचे गठ्ठे खाली येत होते. मी तो फोटो अण्णांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "रविवारी ये. रानात जाऊ."

त्या वर्षी दुष्काळ होता. नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. पाणी मैल-मैल आत हटलं होतं आणि जुन्या गावांची जोती उघडी पडली होती. गाडी धरणाच्या भिंतीकडून न नेता अण्णांनी वरच्या अंगानं आत घातली. पुढं चालत. जमीन भेगाळलेली, पण भेगांखाली ओल होती. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळावर जे पेरतात त्याला गाळपेर म्हणतात. खतपाण्याशिवाय पीक येतं. सगळीकडं खरबुजाचे वेल पसरले होते.

अण्णांना खूण हवी होती. गावाची वेस सापडली, म्हणजे दोन दगड. मारुतीचा पार सापडला. तिथून पावलं मोजत ते पश्चिमेला गेले, वळले, परत मोजली. आणि एका जागी विहिरीचं घडीव दगडी कडं होतं, काठापर्यंत गाळानं भरलेलं. अण्णा त्यावर बसले. शेजारी बसायला त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

वेलांमधून एक माणूस आला, तिशीचा असेल. डोक्याला उपरणं. "काय बघू ऱ्हायले काका?"

"काही नाही. बसलोय."

"बसा बसा. रान आपलंच आहे." मग वेलांकडं हात करून म्हणाला, "गोड आहेत यंदा. देऊ?"

त्यानं दोन खरबुजं तोडून आणली, बोटानं टिचकी मारून दाखवली. साठ रुपये सांगितले. अण्णांनी पन्नास केले.